अर्धी कणगी

रक्ताचे दोन थेंब आणि तेवढाच न्यू मेथिलीन ब्लू. नळी हलक्या हातानं हलवायची, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये २० मिनिटं ठेवायची. मग काचपट्टीवर स्मिअर ओढायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि १०० च्या लेन्सखाली बघत बसायचं. बहुतेक तांबड्या पेशी साध्या चकत्यांसारख्या दिसतात. मधूनच एखादीच्या पोटात निळ्या दोऱ्यांचा गुंता असतो, कोळ्यानं घाईघाईत विणलेल्या जाळ्यासारखा. ती रेटिक्युलोसाइट, म्हणजे हाडांच्या मगजातून नुकतीच बाहेर पडलेली, अजून पुरती न पिकलेली पेशी. १,००० पेशी मोजायच्या आणि त्यात अशा जाळीच्या किती निघाल्या ते लिहायचं. धडधाकट माणसात साधारण ५ ते २५ निघतात. लॅबमध्ये याला आम्ही नुसतं 'रेटिक' म्हणतो.

हे काम मी कित्येक वर्षं केलं. त्या दुपारी आलेली नळी चार महिन्यांच्या बाळाची होती. हिमोग्लोबिन चारच्याही खाली. एवढं कमी असलं की मगज जिवाच्या आकांतानं नव्या पेशी बाहेर ढकलतो आणि पट्टी निळ्या जाळ्यांनी भरून जाते. तशीच असणार असं धरून मी मोजायला बसले. पहिल्या हजारात एक सापडली. डोळे थकले असतील म्हणून दुसरी पट्टी केली. दुसऱ्या हजारात एकही नाही. पांढऱ्या पेशी व्यवस्थित, प्लेटलेट भरपूर, फक्त तांबड्यांचं दुकान बंद. सरांना बोलावलं. ते बराच वेळ लेन्सला डोळा लावून बसले आणि म्हणाले, डायमंड-ब्लॅकफनचा विचार करायला हवा.

दहा लाख जन्मांमागे पाच-सात मुलांना होणारा हा आजार. बॉस्टनच्या लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफन यांनी १९३८ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्या दोन वर्षं आधी ह्यू जोसेफ्स यांनीही अशी मुलं नोंदवली होती. पुढची साठ वर्षं कारण कुणाला सापडेना. रक्ताचा आजार म्हणजे रक्ताच्याच एखाद्या जनुकात बिघाड असणार, अशी समजूत होती. मग स्वीडनमध्ये एका मुलीत वाट सापडली. तिच्या एक्स गुणसूत्राचा आणि १९ व्या गुणसूत्राचा एकेक तुकडा अदलाबदल होऊन जोडला गेला होता. १९ वं गुणसूत्र जिथे तुटलं, तिथेच शोध घेतला. १९९९ साली उप्सालाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, ते जनुक आरपीएस-१९. तपासलेल्या ४० रुग्णांपैकी १० जणांत त्याच्यात बदल निघाला. हे जनुक पेशीत प्रथिनं विणणाऱ्या रायबोसोमच्या एका प्रथिनाचं होतं, आणि रायबोसोम तर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. यकृताच्या पेशीत, मेंदूत, पापणीच्या केसाच्या मुळाशी. मग बिघाड एकट्या तांबड्या पेशीतच का दिसावा?

आमच्या बाळाचा जनुकीय तपासणीचा कागद काही महिन्यांनी आला. त्यावर आरपीएस-१९ हेच नाव होतं. दोन प्रतींपैकी एक शाबूत, एक खराब.

अर्धं बी कुजलं की काय होतं, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलं होतं. माझं आजोळ दाभोशाचं. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर लेंढी नदी कड्यावरून सुमारे ३०० फूट खाली उडी घेते, त्या धबधब्यामुळे आता दाभोसा सगळ्यांना माहीत झाला आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. मला मात्र दाभोसा म्हटलं की मावशीच्या घरातल्या दोन कणग्या दिसतात. बांबूच्या कामट्यांच्या, शेणमातीनं लिंपलेल्या, पोटाशी फुगीर. एक खायच्या धान्याची आणि एक बियाण्याची. बियाण्याच्या कणगीला आम्हां मुलांचा हात लागलेला मावशीला खपत नसे. नागलीची निवडक कणसं वेगळी, चुलीवरच्या माळ्यावर धुरात. धुरानं कीड लागत नाही. आमच्याकडे धान्याला कणसरी म्हणतात आणि ती देवी आहे.

एका पावसाळ्याच्या तोंडी छपराचा कोपरा गळला आणि बियाण्याच्या कणगीत पाणी गेलं. मावशीला कळलं तेव्हा निम्म्या भाताला बुरशी आली होती. तिनं ते अंगणात पसरलं, वरचं कोरडं बाजूला काढलं आणि उरलेलं मुठीत घेऊन नुसती बघत राहिली. राब भाजून तयार होता. पाऊस वेळेवर आला. बैल होते, माणसं होती. राबात रोप उगवलं ते निम्मं. आवणी सुरू झाली आणि सहाव्या दिवशी रोप संपलं. निम्मी खाचरं चिखल करून तशीच पडून राहिली, वर आभाळाचं पाणी साचलेलं. मावशीनं भावकीतून थोडं रोप उसनं आणलं, पण सगळ्यांची आवणी त्याच पंधरवड्यात. द्यायला कुणाकडे किती असणार?

वरकस जमिनीवरचा उडीद आणि खुरासणी मात्र त्या साली नेहमीसारखीच आली. त्यांचंही बी भिजलंच होतं. पण त्यांना बी लागतं थोडं आणि घाई नसते. आज पेरलं, चार दिवसांनी पेरलं, भागतं. आवणीला भागत नाही. तिला सगळं एकदम लागतं आणि वेळेत लागतं.

तांबड्या पेशीचं घडणं ही शरीरातली आवणी आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, कारण १२० दिवस वापरून झालेल्या तेवढ्याच दर सेकंदाला निवृत्त होतात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे २५-३० कोटी रेणू भरायचे असतात. ते भरायला थोडेच दिवस मिळतात, कारण पेशी आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. एकदा केंद्रक गेलं की जनुकांकडून नवा मजकूर येत नाही. हातात जेवढे रायबोसोम उरले तेवढ्यांवर शेवटचा एखाद-दुसरा दिवस काम चालतं, मग तेही विरघळतात. लॅबमधल्या पट्टीवर मला दिसणारी निळी जाळी म्हणजे हेच उरलेले रायबोसोम. रंगामुळे ते एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे दिसतात. मी इतकी वर्षं रेटिक मोजत होते, म्हणजे खरं तर रायबोसोमच मोजत होते, हे मला त्या बाळामुळे पहिल्यांदा नीट उमगलं.

रायबोसोम ही प्रथिनं विणणारी जागा. जॉर्ज पलाडे यांना १९५५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते नुसते गडद कण दिसले होते. रायबोसोम हे नाव १९५८ मधलं. माणसाच्या एका रायबोसोममध्ये आरएनएचे चार धागे आणि सुमारे ८० प्रथिनं असतात, दोन भागांत विभागलेली. आरपीएस-१९ मधला 'एस' म्हणजे लहान भाग. जनुकाचा पत्ताही १९ व्याच गुणसूत्रावर, पण तो निव्वळ योगायोग. या जनुकावरून जे प्रथिन होतं त्यात १४५ अमिनो आम्लं असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६. विणणाऱ्याचा एक सांधा आणि विणलं जाणारं वस्त्र जवळजवळ एकाच मापाचं, ही गोष्ट मला फार आवडते. तिला काही अर्थ असेलच असं नाही.

आणि या ८० प्रथिनांना विणतो कोण? रायबोसोमच. पेशीद्रव्यात ती तयार होतात, केंद्रकात परत जातात, तिथल्या केंद्रिकेत आरएनएच्या कच्च्या धाग्याला एकेक करून लागतात आणि अर्धवट जोडलेला नवा रायबोसोम बाहेर येतो. आरपीएस-१९ चं काम याच जोडणीत आहे. लहान भागाचा आरएनए, ज्याला १८एस म्हणतात, तो आधी लांबलचक असतो आणि मग कापून मापात आणला जातो. आरपीएस-१९ कमी पडलं की त्याचं एक टोक नीट कापलं जात नाही. अर्धवट कापलेले धागे साचत जातात आणि लहान भागांची संख्या घटते. ८० पैकी बाकी ७९ घरात असली तरी उपयोग नाही. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

वेंकी रामकृष्णन यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकले आणि पुढे रायबोसोमच्या लहान भागाची रचना अणूअणूनिशी उलगडल्याबद्दल २००९ साली त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी उलगडली ती जिवाणूची रचना. जिवाणूच्या रायबोसोममध्ये आमच्या या प्रथिनाचा भाऊबंद नाही. यीस्टमध्ये आहे, नाचणीच्या दाण्यात आहे, आपल्यात आहे.

मग अर्ध्या बियाण्यानं नक्की होतं काय? एक शाबूत प्रत आपल्या परीनं प्रथिन देत राहते, पण दुसरीची उणीव ती भरून काढत नाही. रायबोसोमची जोडणी रखडते आणि मोठ्या भागाची काही प्रथिनं बिनकामाची मोकळी राहतात. ती पी-५३ नावाच्या राखणदाराला जागं करतात. तो पेशीला वाढू देत नाही, कधी मारूनही टाकतो. तांबड्या पेशींना जन्म देणाऱ्या लेकुरवाळ्या पेशी या राखणदाराला फार लवकर बळी पडतात. २०१४ साली दुसरा एक धागा हाती आला. तांबड्या पेशीला 'तू तांबडी हो' असं सांगणारं गाटा-१ नावाचं प्रथिन आहे. त्याचा मजकूर वाचायला अवघड असतो, रायबोसोम मुबलक असले तरच तो नीट वाचला जातो. रायबोसोम कमी पडले की पहिला फटका त्याला बसतो. तिसरी गोष्टही घडते. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, ग्लोबिन, उशिरा येतं आणि लोह असलेला हीम आधीच तयार होऊन बसतो. एकटा हीम पेशीला जाळतो. तवा तापून लाल झालाय आणि पीठ अजून मळायचंय, अशी गत.

आमच्या भागात फिकट मूल बघितलं की दोन गोष्टी मनात येतात. एक, पोटात काही नाही. दुसरी, सिकल सेल. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ती आहे, आणि २०२३ साली तिच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलमध्ये रायबोसोमचा काडीचा दोष नसतो. बीटा साखळीच्या सहाव्या जागी मजकुरातच एक अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि रायबोसोम लिहिलंय तसं इमानानं विणतो. डायमंड-ब्लॅकफनमध्ये मजकूर निर्दोष आणि विणणारे हात थोडे. आणि उपाशी मुलात मजकूरही ठीक, हातही ठीक, सूत नाही. असं मी बरीच वर्षं मानत होते. यातलं शेवटचं वाक्य अपुरं आहे, हे मला पुढे कळलं.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा मी आश्रमशाळेत होते. वर्तमानपत्रात आमच्या तालुक्याचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या बातमीत. त्यानंतर योजना आल्या. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पोटभर जेवण मिळतं. गेल्या भादव्यात मावशीकडे गेले होते तेव्हा पाड्यावरच्या अंगणवाडीत वजनं चालली होती. सेविका पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावत होती. हिरवा, पिवळा, लाल. ११.५ सेंटिमीटरच्या आत दंड बसला की लाल, म्हणजे 'सॅम', अतितीव्र कुपोषण. एका मुलीच्या दंडाला पट्टी फिरली आणि लालवर येऊन थांबली. तिनं पट्टीकडे बघितलं, मग आईकडे. वयानं तीन वर्षांची, बघायला दीड वर्षांची. कुणीतरी म्हणालं, हिची वाढच नाही, अंगालाच लागत नाही हिच्या.

मला ते वाक्य झोंबलं, कारण ते खोटं आहे. आपल्या पेशीत रायबोसोमच्या सगळ्या ८० प्रथिनांच्या मजकुराची सुरुवात एकाच खुणेनं होते. तिच्यावर एम-टॉर नावाच्या एका नियंत्रकाची नजर असते. त्याला अमिनो आम्लं किती आहेत ते कळतं, विशेषतः ल्युसिन, जे डाळीत, अंड्यात, दुधात असतं. अन्न पुरेसं असेल तर तो या ८० ही मजकुरांना एकदम परवानगी देतो. अन्न कमी पडलं की सगळ्यांची एकदम बंद करतो. म्हणजे उपाशी पेशी सर्वांत आधी नवे रायबोसोम बांधायचं थांबवते. आणखी उपासमार झाली तर असलेले रायबोसोमही मोडून खाते. यीस्टमध्ये हे २००८ साली स्पष्ट दाखवलं गेलं. घरात धान्य संपलं की माणूस नवा बैल घेत नाही, मग आहे तो बैल विकतो. त्या मुलीच्या पेशी नेमकं तेच करत होत्या. तिचं अंग शहाणं आहे. आलेला घास ओळखून, मोजून, जेवढं आहे तेवढ्यात जिवंत राहण्याचा हिशेब ते बिनचूक करतं. वाढायचं थांबणं हा त्या हिशेबाचा भाग आहे. दोष असलाच तर हिशेबाच्या पहिल्या आकड्यात आहे, आणि तो आकडा तिच्या हातात नाही.

बैल विकला तरी बी मात्र राहतं. पेशी रायबोसोम मोडते तेव्हा त्यांची जनुकं केंद्रकात जशीच्या तशी असतात. अन्न आलं की पुन्हा वाचली जातात, पुन्हा बांधणी सुरू. मावशीच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं आठवतं. घरातलं धान्य संपलं होतं, आम्ही कडूकंद शिजवून खात होतो, आणि मी विचारलं होतं की त्या कणगीत आहे ना, मग ते का नाही काढत? ती म्हणाली, "बाय, ते खाल्लं तर पुढल्या साली पेरू काय?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

डायमंड-ब्लॅकफनच्या मुलांनाही ल्युसिन देऊन पाहिलं आहे, एम-टॉरला जागवावं म्हणून. रक्तात फार थोड्यांना फरक पडला, पण काही मुलांचं वजन आणि उंची वाढली. मला हे वाचून त्या लाल पट्टीची आठवण आली.

आमच्या बाळाला पहिलं वर्ष दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागलं. ही उसनवारी. तिला व्याज असतं: प्रत्येक पिशवीबरोबर दोनशेच्या वर मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही, ते हृदयात आणि यकृतात साचतं. बाळाची आई दर वेळी नळी द्यायला खाली लॅबपर्यंत यायची. एकदा तिनं मला विचारलं, ताई, माझ्यामुळे झालं का? सासरी तसं कुणी म्हणालं असावं. मी तिला सांगितलं की अशा निम्म्याहून जास्त मुलांत हा बदल आई-बापात नसतोच, गर्भ राहतानाच जनुकात फेर पडतो. आणि ज्यांच्यात आई-बापाकडून येतो त्यांनीही काही मुद्दाम दिलेला नसतो. तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, कळलं नाही. मी तेच आणखी एकदा, हळू सांगितलं.

वर्ष भरल्यावर स्टेरॉइड सुरू झालं. दहापैकी साधारण आठ मुलांना ते सुरुवातीला लागू पडतं. सगळ्यांना कायमचं पुरत नाही, पण पाचांतलं एखादं मूल मोठं होताहोता औषधाशिवायही सावरतं. तीन आठवड्यांनी नळी आली. नेहमीचं काम, दोन थेंब रक्त, तेवढाच रंग. २० मिनिटं मी दुसरं काहीच केलं नाही, वॉटर बाथपाशी उभी राहिले. स्मिअर ओढला. पहिल्या काही फील्डमध्ये नुसत्या चकत्या. मग एका कडेला, दोन पेशींच्या आड, एक निळं जाळं. बारीक, पण जाळंच. पुढच्या फील्डमध्ये आणखी एक. पहिल्या हजारात सात निघाल्या. दुसरी पट्टी केली, तिच्यात नऊ. दोन्ही आकडे रजिस्टरात लिहिले. काम झालं की पट्ट्या टाकून द्यायच्या असतात. त्या दोन मी संध्याकाळपर्यंत खिडकीशी ठेवल्या होत्या.